अर्ध्या बर्फाचे आठवडे

त्याला कुणी हाक मारली नव्हती.
आधीच सांगून टाकते, कारण नवीन बिशप आला की
कॉफी निवेपर्यंत तेच विचारतो: पाचारण कसं झालं?
आणि हिल्लार माझ्याकडे बघतो,
जणू ती गोष्ट माझ्या एप्रनच्या खिशात आहे.

तर ऐका. मार्च होता.
आमच्या बेटावर त्या दिवसांना अर्ध्या बर्फाचे आठवडे म्हणतात.
खाडी होडीला फार घट्ट, गाडीला फार पातळ.
नेमकी तेव्हाच म्हातारी आउगुस्ते गेली.
पाळक पलीकडच्या किनाऱ्यावर,
ती इकडे, मासे खारवायच्या खोलीत, काढून ठेवलेल्या दारावर,
नऊ दिवस.
दहाव्या दिवशी तिची सून आमच्या उंबऱ्यात.
सबंध सामूहिक शेतात ती जुनी, काटेरी अक्षरं
वाचता येणारा एकच माणूस होता:
ट्रॅक्टर दुरुस्त करणारा,
आजोबांनी मारून मुटकून शिकवलेला.

त्यानं वाचलं.
नखांत डिझेल, टोपी काखेत.
‘मातीला माती’वर अडखळला,
कारण ती सकाळभर पहारीनं फोडली होती
आणि अजून ढेकळं दगडासारखी वाजत होती.
एवढंच. ना उजेड, ना आवाज.
घरी येऊन दोन ताटल्या बटाटे खाल्ले.

पण लोकांना सवय लागते.
मग बाप्तिस्मे आले, रात्री, मागच्या दारानं,
आमच्या सौनात, खिडकीला घोंगडी लावून.
पार्टीच्या सेक्रेटरीचा नातूसुद्धा आला, आजीच्या शालीत.
असा टाहो फोडला पोरानं
की मी रेडिओ मोठा केला. गव्हाच्या उत्पादनाचे आकडे चालू होते.

ट्रॅक्टर हातून गेले. बॉयलरखोली मिळाली.
तालिनहून पाकिटं यायची, फोडून पुन्हा चिकटवलेली,
आणि तो कोळसा ओढता ओढता
ग्रीक क्रियापदं पुटपुटायचा.
शेजारीण म्हणाली, तुझा नवरा शिव्या फार देतो हल्ली.

माल्लेला विद्यापीठात घेतलं नाही.
कारण लेखी दिलं नाही. तोंडी एकच शब्द: वडील.
त्या रात्री मी त्याचा काळा झगा चुलीपाशी नेला.
लोकरीचं कापड, घट्ट विणीचं,
माझ्या हातची काजं.
जाळवलं नाही.
कापडाकडे बघून जाळवलं नाही, देवाकडे बघून नव्हे.
तो दारात उभा होता. काही बोलला नाही.
चुलीचं झाकण लावलं आणि बाहेर जाऊन
पहाटेपर्यंत लाकडं फोडत राहिला, गरज नसताना.
माल्ले आता फिनलंडमध्ये. नाताळला फोन करते, मला.

मी मानत नाही.
त्याला ठाऊक आहे, मंडळीला ठाऊक आहे,
त्याच्या वरच्याला असलाच तर त्यालाही असेल.
पण पंचेचाळीस वर्षं दर शनिवारी प्रवचन आधी मला ऐकवतो.
मी मोज्याची टाच वळवता वळवता म्हणते,
हे काढ. हे तुझं तुलाच कळलेलं नाही.
तो काढतो.
म्हणून त्याची प्रवचनं आखूड. लोक त्याला नम्रता समजतात.

आता खाडी गोठत नाही धड.
बोट बाराही महिने चालते; पाळक हवा तर
दुपारच्या फेरीनं तरुण, दात चांगले असलेला कुणी येईल.
तरी मेलेल्यांची मुलं आमचंच दार वाजवतात.

गेल्या रविवारी सात माणसं होती, एक कुत्रा.
त्यानं पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं,
मोतीबिंदूनं सगळी अक्षरं एकच झालेली,
मग मिटलं, आणि तिसऱ्या बाकाकडे पाहिलं,
जिथे मी बसते, शेगडी जवळ म्हणून.
मी ओळ सांगितली.
तो पुढची म्हणाला. अडला. मी सांगितली.
असं शेवटपर्यंत. कुत्रासुद्धा गप्प.

घरी येताना म्हणाला, तुला पाठ आहे.
म्हटलं, भिंतीला कान असतात,
इतकी वर्षं बोललास तर तोंडही फुटतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा नवा बिशप.
विचारलं त्यानं, तर काय सांगू गं?
सांग, बर्फ अर्धा होता.
आणि पाय पूस आधी, फरशी ओली आहे.